फोर्क सेट करताना क्लिकरला हात शेवटी

मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतीच्या, पिटमध्ये काम शिकायला आलेली मुलं रायडरने "पुढचं फार कडक लागतंय" म्हटलं की लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) क्लिकरकडे, म्हणजे त्याचा कडकपणा ठरवणाऱ्या स्क्रूकडे, धावतात. मी त्यांना तिथेच थांबवतो. कडक लागण्याची बरीच कारणं क्लिकरपर्यंत पोचतच नाहीत.

आधी फोर्क मोकळा चालतोय का बघा. चाक बसवल्यावर पिंच बोल्ट (फोर्कच्या तळाशी ॲक्सलला धरणारे) लगेच आवळू नका. ॲक्सल घट्ट करा, गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून फोर्क चारपाचदा जोरात दाबा आणि मगच बोल्ट टॉर्कने आवळा. नाहीतर दोन पाइप एकमेकांना समांतर राहत नाहीत, घासतात, आणि तेच रायडरला कडक म्हणून जाणवतं. फोर्कमध्ये साठलेली हवाही काढायची. त्यासाठी पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं आणि फोर्क थंड हवा.

मग सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते. इथे वेळ द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. रायडर हेल्मेट, बूट, चेस्ट गार्डसकट गाडीवर हवा. अंगावरचं सामानही वजनच आहे. सुरुवात मागून करा. मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांना मागे साधारण 100 ते 105 मिमी सॅग ठेवतात. मागचं जास्त बसलं तर पुढचं चाक हलकं होतं, गाडी वळणात बाहेर जाते, आणि दोष फोर्कवर येतो. पुढचा सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (फोर्क जास्तीत जास्त जितका दबतो त्याच्या) पंचवीस ते तीस टक्क्यांत धरा. हीरोच्या एक्सपल्स 200 4व्ही प्रोचा फोर्क 250 मिमीचा, म्हणजे साधारण 62 ते 75 मिमी. फोर्क दाबून हळू वर येऊ द्या, एक माप घ्या. उचलून हळू खाली बसू द्या, दुसरं घ्या. दोन्हींची सरासरी धरा. सीलच्या घर्षणामुळे एकटं माप फसवतं. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा, प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवून स्प्रिंग कडक होत नाही. रायडर जड असेल तर स्प्रिंगच बदलायची.

फोर्कच्या पाइपला एक झिपटाय बांधा. सराव संपल्यावर तो कुठवर सरकला त्यावरून किती ट्रॅव्हल वापरला गेला ते कळतं. टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या उडीवरून) उतरताना फोर्क तळाला आपटत असेल, पण लहान खड्ड्यांत ठीक चालत असेल, तर कॉम्प्रेशन (फोर्क दबताना होणारा अडथळा) आवळू नका. तेलाची पातळी 5 मिमी वाढवा. वरची हवेची जागा कमी झाली की फोर्क शेवटच्या टप्प्यातच जड होतो, सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. साध्या फोर्कमध्ये ही पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून मोजतात. मला स्वतःला हे काम सगळ्यात आवडतं, पण ते आदल्या दिवशी वर्कशॉपमध्येच उरकावं.

आता क्लिकर. आधी पूर्ण बंद करून क्लिक मोजा आणि वहीत लिहा. एका वेळी एकच बदल, दोन क्लिकचा. व्हूप्समध्ये (ओळीने येणाऱ्या चढउतारांत) पहिले दोन खड्डे छान आणि पुढे पुढे फोर्क दगडासारखा लागत असेल, तर रिबाउंड, म्हणजे दबलेल्या फोर्कचं परत वर येणं, हळू आहे: फोर्क परत वर यायच्या आतच पुढचा खड्डा येतो. रिबाउंडचा स्क्रू बाहेर फिरवा. इथे नवखे कॉम्प्रेशन सैल करतात आणि फोर्क आणखीच खाली बसतो.

आपल्याकडच्या मुरमाच्या ट्रॅकवर सकाळी टँकरने पाणी मारलेलं असतं, दुपारपर्यंत माती सुकून ब्रेकिंगचे खड्डे खोल होतात. सकाळच्या सरावावरच सगळं पक्कं करू नका. दुपारच्या हीटआधी (शर्यतीच्या फेरीआधी) एकदा ट्रॅकभोवती चालून या आणि तेव्हाच रिबाउंडचा एखादा क्लिक ठरवा.