अमावस्येला बिळं मोजा

आमच्या लातूर भागात वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, घरदार शेतात असतं. तीन वर्षांपूर्वी भज्जी-आंबील झाल्यावर मी ज्वारीत शिरले, तर बांधालगतची ताटं आडवी आणि कणसं गायब. वाटलं, उंदीर रातोरात आले. खरं तर ते पोळ्यापासून वाढत होते, मी मोजत नव्हते.

आता मोजते. 10 गुंठ्यांचा एकच तुकडा धरा, त्यात बांध हवाच. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की उरलेसुरले उंदीर बांधावर तग धरतात आणि पुढची पैदास तिथूनच होते. दर अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी दिसेल ते बीळ मातीने बुजवा. सकाळी जेवढी उकरलेली, तेवढी जिवंत. आकडा लगेच वहीत लिहा. तिथी बदलू नका; चांदण्यात उंदीर बाहेर पडायला बिचकतात, मग आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

घुशीचं वेगळं. ती बिळाचं तोंड स्वतःच मातीने बुजवते, त्यामुळे भोक शोधाल तर फसाल. मातीचा ढीग बघा. जुन्यावर पापडी धरलेली असते. ताजा ओलसर, भुसभुशीत, बोट सहज आत जातं. संध्याकाळी सगळे ढीग पायाने पसरा, सकाळी नवे मोजा. एकाच घुशीचे चार-पाच ढीग असू शकतात, तेव्हा ढिगागणिक घूस धरू नका.

गेल्या वर्षी माझ्या वहीत पोळ्याला 3, सर्वपित्रीला 4, दिवाळीला 9, वेळ अमावस्येला 22. गाभण घूस साधारण 3 आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं. दाणा मुबलक असला की वेतं लागोपाठ. मिझोराममध्ये सुमारे 48 वर्षांनी बांबू फुलतो आणि त्याच्या बियांवर उंदीर असेच माजतात; 2007-08 मध्ये त्यांनी तिथली भातशेती फस्त केली.

ज्वारी निघाली की दाणाही जातो, आडोसाही. उन्हाळ्यात आकडा आपसूक उतरतो, ते औषधाचं यश समजू नका. बंदोबस्त करायचा तो 3-4 बिळं असताना, पोळ्याच्या सुमाराला, आणि शेजाऱ्यांना सोबत घेऊनच. एकट्याने केलात तर रिकाम्या बिळांत महिन्याभरात शेजारचे उंदीर येतात. आम्ही यंदा चार बांधकरी मिळून बिळं खणली, घुबडांसाठी पक्षीथांबे उभे केले. दिवाळीला वहीत 4 लिहिले.