कॉफीहाउसची टोकने: ओळखायची कशी, गोव्याच्या हवेत टिकवायची कशी

सुट्ट्या पैशांच्या टंचाईमुळे इंग्लंडातल्या दुकानदारांनी 1648 ते 1672 या काळात स्वतःची फार्दिंग (पाव पेनी), अर्ध्या पेनीची आणि पेनीची टोकने, म्हणजे नाण्यांऐवजी चालणाऱ्या धातूच्या चकत्या, पाडली. कॉफीहाउसवालेही त्यात होते. 1672 च्या राजाज्ञेने ती बंद झाली. त्यामुळे या प्रकारच्या लंडनच्या टोकनावर त्यानंतरचे साल दिसले, तर पैसे आधी खिशातच ठेवा.

ओळखायला कॉफी ओतणारा हात किंवा फेटेवाल्या तुर्काचे डोके शोधा. बऱ्याच टोकनांवर तीन अक्षरांचा त्रिकोण असतो: वरचे आडनावाचे, खालची दोन नवरा-बायकोच्या नावांची. कडेने नाव आणि गल्ली. 10 पट भिंगाखाली, तिरप्या उजेडात वाचा. कडेवर जोडाची रेघ, अक्षरे बुळबुळीत, पृष्ठभागावर बारीक फोड दिसले तर माल ओतीव, म्हणजे बनावट समजा. पितळ-तांब्याला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड आहे. वजनावर मात्र फार विसंबू नका, अस्सल टोकनांतही ते कमीजास्त असते.

आता खरी डोकेदुखी. घरातली तांब्याची भांडी घासतो तसे चिंच, सोले किंवा लिंबू टोकनाला लावू नका. आम्ल पितळातले जस्त खाते, गुलाबी डाग उरतात आणि किंमत बरीच खाली येते. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, मऊ ब्रशने झाडा, पंख्याखाली पूर्ण सुकवा. गडद, घट्ट हिरवा थर तसाच राहू द्या. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती क्लोराइडची कीड, म्हणजे मिठातला क्लोराइड धातू खातो आहे. खाऱ्या हवेत ती झपाट्याने वाढते. ते टोकन ताबडतोब वेगळे काढून कोरड्या डब्यात ठेवा.

मऊ पीव्हीसीची पाकिटे टाळा, त्यांतून चिकट हिरवा थर येतो. पॉलिएस्टरची घ्या. थर आलाच असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा. नेलपॉलिश काढायचे द्रव चालत नाही, त्यात तेल नि रंग असतो. पुठ्ठ्याच्या चौकटी स्टेपल न लागणाऱ्या निवडा, कारण पावसाळ्यात पिना गंजतात. प्लायवूडच्या कपाटातून आम्लाची वाफ सुटते, म्हणून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा बरा. आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा 40 टक्क्यांच्या वर गेला की जेल ओव्हनमध्ये 120 अंशांवर वाळवा. जून ते सप्टेंबर हे काम दर आठवड्याला करावे लागते, डांबरगोळ्या टाकून सुटका होत नाही.

शंभर वर्षांवरची पुरातन वस्तू भारताबाहेर पाठवायची मुभा कायद्याने फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या संस्थेला आहे, म्हणून टोकन परदेशात विकायचा बेत आखू नका; खरेदीची पावती आणि आयातीचे कागद मात्र पाकिटाबरोबरच ठेवा.