रिसीव्हरला मैदानात परत कसं आणायचं: एसीएलच्या ऑपरेशनपासून पहिल्या सामन्यापर्यंत

एसीएलचं (गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालेला रिसीव्हर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा खेळाडू, पहिल्यांदा टेबलावर येऊन बसतो तेव्हा त्याला एकच उत्तर हवं असतं: मी कधी खेळणार? त्याच्या एजंटला तेच हवं असतं, कोचलाही तेच, आणि टीव्हीवर तोवर कुणीतरी तारीख सांगूनही टाकलेली असते. तुम्ही फिजिओ असाल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये नव्याने काम सुरू करत असाल, तर तारीख देऊ नका, पायऱ्या द्या. कोणती पायरी ओलांडली की पुढची मिळेल, हे पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर लिहून काढा.

मी बरीच वर्षं रिसीव्हरांच्या गुडघ्यांवर काम करते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: रिसीव्हरची रोजीरोटी पळण्यापेक्षा थांबण्यावर अवलंबून असते, म्हणून रिहॅबची सगळी आखणी त्या थांबण्याकडे नजर ठेवून करा. तो पंधरा-सोळा यार्ड जीव तोडून पळतो, दोन-तीन पावलांत ब्रेक लावतो आणि क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे, वळतो. समोरचा कॉर्नरबॅक, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, त्याच्या कमरेकडे बघत मागे पळत असतो. रिसीव्हरने गुडघा जपायला दोन पावलं आधीच वेग कमी केला, तर कॉर्नरबॅकला रूट, म्हणजे पळण्याची ठरलेली वाट, कळतो आणि चेंडू त्याच्या हातात जातो. म्हणजे अर्धवट बरा झालेला गुडघा पुन्हा फाटला नाही तरी माणसाची नोकरी घालवू शकतो.

पहिले काही आठवडे: सूज आणि सरळ पाय

सुरुवातीला वजनं उचलायची घाई नको. दोनच गोष्टींच्या मागे लागा: गुडघा पूर्ण सरळ होणं आणि मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वॉड्स, जागा होणं. खेळाडूला पालथं झोपवा, गुडघ्याच्या वाटीपासून खालचा भाग टेबलाबाहेर लोंबू द्या आणि मागून दोन्ही टाचांकडे बघा. ऑपरेशनवाली टाच वर राहिली असेल तर गुडघा अजून सरळ होत नाही. टाचांमधला एक सेंटीमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंशाची कमतरता. हा फरक रोज मोजा आणि त्यालाही दाखवा. गुडघा पूर्ण सरळ होत नसला तर क्वॉड्स कधीच नीट आवळत नाहीत, चाल बिघडते, आणि पुढे पळतानाही ते बिघडलेलंच राहतं.

सूज नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहात खालून वर फिरवून पाणी वर ढकला, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवा आणि आतल्या खळगीकडे बघत राहा. तिथे लाट परत आली तर सांध्यात पाणी आहे. सांध्यात पाणी असेपर्यंत शरीर स्वतःहून क्वॉड्स बंद ठेवतं. कितीही चिकाटीचा खेळाडू असो, इच्छाशक्तीने ते उघडत नाहीत. विजेच्या झटक्यांचं मशीन याच काळात कामाला येतं, आणि मांडीला पट्टा आवळून हलक्या वजनावर केलेले व्यायामही.

ऑपरेशनची चिठ्ठी पूर्ण वाचा. ग्राफ्ट (फाटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला तुकडा) वाटीखालच्या टेंडनचा असेल तर पुढे गुडघ्याच्या समोर दुखणार, हॅमस्ट्रिंगचा असेल तर मागची मांडी दुबळी राहणार. मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) शिवलेला असेल तर वजन टाकणं आणि खोल वाकणं सर्जन सांगेल तितकंच. हे न बघता छापील वेळापत्रक लावणं मला अजिबात पटत नाही.

एक काळ फार जपण्यासारखा असतो: साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याचा. दुखणं गेलेलं असतं, चाल सुधारलेली असते, आणि आत ग्राफ्ट मात्र सगळ्यात कमजोर असतो, कारण जुना टेंडन विरघळत असतो आणि त्याच्या जागी नवी ऊती अजून पक्की झालेली नसते. खेळाडू जिना उड्या मारत उतरतो तो याच दिवसांत. त्याला हे चित्र काढून समजावून सांगा. नुसतं ‘नको’ म्हटलेलं तो ऐकत नाही.

हात मात्र पहिल्या आठवड्यापासून चालू ठेवा. स्टुलावर बसवून जग्स या चेंडू फेकणाऱ्या मशीनवरून चेंडू झेलायला लावा, एका हाताने, खांद्यावरून, उन्हाकडे तोंड करून. रिसीव्हरांच्या मीटिंगला तो रोज बसला पाहिजे. संघापासून तुटलेला माणूस घाई करतो.

पळायला कधी द्यायचं

बहुतेक ठिकाणी तीन-चार महिन्यांनी पळणं सुरू होतं, पण मी कॅलेंडर दुसऱ्यांदा बघते. आधी बघते ते हे: सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ, क्वॉड्सची ताकद दुसऱ्या पायाच्या सत्तर टक्क्यांच्या पुढे, आणि एका पायावर बसताना गुडघा आत कोसळत नाही. पळणं दिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाट तपासा. लाट आली तर कालचं पळणं जास्त झालं.

पुढे खेळायला सोडताना सगळीकडे नव्वद टक्क्यांचा निकष वापरतात: ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के. निकष चांगला आहे, पण त्यात एक फसवी जागा आहे. इतके महिने बसून चांगला पायही दुबळा झालेला असतो, त्यामुळे दोन दुबळे पाय एकमेकांशी छान जुळतात आणि कागदावर पास होतात. म्हणून हंगामाआधीची त्याची जुनी मोजणी मिळवा. ती नसेल तर शरीराच्या वजनाच्या हिशेबाने बघा: ताकद मोजायच्या मशीनवर क्वॉड्सचा जोर किलोमागे साधारण तीन न्यूटन-मीटरपर्यंत गेला पाहिजे. एका पायाच्या लांब उडीवरही फार विसंबू नका. उडीचं अंतर घोटा आणि कंबर मिळून भरून काढतात आणि गुडघा मधल्यामध्ये सुटतो. एका पायावरची उंच उडी आणि खाली उतरणं जास्त खरं सांगतं.

थांबणं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

रिसीव्हरचे रूट शून्य ते नऊ अशा आकड्यांनी ओळखले जातात. तोच तक्ता मी रिहॅबची पायरी म्हणून वापरते. सुरुवात नऊपासून, म्हणजे सरळ पळत सुटणं. वेग सत्तर टक्के, आणि थांबायला वीस यार्ड मोकळे. मग आठ आणि सात, पोस्ट आणि कॉर्नर, ज्यांत वळण तिरकं असतं आणि वेग फारसा मोडत नाही. मग स्लांट, म्हणजे लगेच आत तिरकं वळणं. मग पाच आणि सहा, आउट आणि डिग, जिथे बाहेर किंवा आत काटकोनात वळायचं. कर्ल आणि कमबॅक सगळ्यात शेवटी, कारण पूर्ण वेगातून थांबून उलटं फिरायचं असतं आणि सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो.

इथे कोच रूट मोजतात, तुम्ही रोवलेले पाय मोजा. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर उजवीकडे वळणारा प्रत्येक कट डाव्या पायावर रोवला जातो. तोच खेळाडू मैदानाच्या उजव्या बाजूला उभा राहिला तर आउट रूटला डावा पाय रोवेल, डाव्या बाजूला उभा राहिला तर डिगला. कोचने सहज म्हणून त्याची बाजू बदलली की त्या गुडघ्यावरचा दिवसाचा भार बदलतो, आणि रूटच्या यादीत ते कुठेच दिसत नाही. माझ्या वहीत म्हणून दोनच रकाने असतात: डावा रोवला, उजवा रोवला.

ब्रेक लावताना शेवटच्या पावलाकडे सगळे बघतात. तुम्ही त्याच्या आधीच्या पावलाकडे बघा. चांगला ब्रेक तिथेच सुरू होतो: कंबर खाली बसते, टाच आधी लागते, छाती गुडघ्यावर येते, आणि शेवटच्या पावलाला फक्त दिशा बदलायची उरते. गुडघ्यावर भरवसा नसलेला खेळाडू ताठ राहतो, तीनाच्या जागी पाच-सहा बारीक पावलं टाकतो आणि धड चांगल्या पायाकडे झुकवतो. फोनवर समोरून आणि बाजूने संथ गतीत चित्रीकरण करा. मग एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. दोन्ही पायांचा आवाज सारखा येत नसेल तर पुढचा आकडा देऊ नका.

ठरलेला कट जमला म्हणजे काम झालं असं नाही. आता चेंडू आणा. नजर चेंडूवर गेली की पायांकडचं लक्ष उडतं, आणि एसीएल बऱ्याचदा त्याच क्षणी जातो, कुणाचा धक्का न लागता. रिसीव्हर ओडेल बेकहॅम ज्युनिअरचा डावा गुडघा १३ फेब्रुवारी २०२२च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, असाच गेला, आणि त्याच गुडघ्याचा एसीएल २०२०च्या ऑक्टोबरमध्येही फाटला होता. म्हणून चेंडूनंतर न ठरलेले कट घ्या: क्वार्टरबॅक शेवटच्या क्षणी हाताने दिशा दाखवेल, त्याप्रमाणे वळायचं. मग समोर बचावपटू, आधी फक्त सावलीसारखा, मग हात लावणारा. मग उडी मारून झेलणं, आणि हवेत धक्का बसल्यावर एका पायावर उतरणं. यातलं थोडं तरी सरावाच्या अखेरीस घ्या, पाय थकलेले असताना. चौथ्या क्वार्टरमध्ये ताजे पाय कुणाकडे नसतात.

मांडी विसरू नका

रिसीव्हर ख्रिस गॉडविनचा एसीएल डिसेंबर २०२१मध्ये फाटला. सप्टेंबर २०२२च्या पहिल्याच सामन्यात तो उतरला. गुडघा टिकला, पण हॅमस्ट्रिंग दुखावला आणि त्याला सामना सोडावा लागला. पुढे त्याने त्याच हंगामात १०४ झेल आणि १,०२३ यार्ड केले, हे त्याचं कर्तृत्व. तुम्ही यातून एवढं घ्या की गुडघ्याच्या नादात पूर्ण वेगाचं पळणं राहून जातं. नऊ महिने ज्याने सर्वोच्च वेग गाठलेला नाही, त्याची मागची मांडी पहिल्या सामन्यात तो वेग सोसत नाही. पळण्याचं एकूण अंतर आणि त्यातलं जोरात पळण्याचं अंतर वेगळं लिहा, दुसरं आठवड्या-आठवड्याने वाढवा, आणि मैदानावर उतरण्याआधी त्याला त्याच्या जुन्या सर्वोच्च वेगाजवळ अनेकदा जाऊ द्या. सोबत नॉर्डिक कर्ल, म्हणजे मागच्या मांडीचा व्यायाम, चालूच.

कॅलेंडर आणि नियम

२०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवावं तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटतो, दर महिन्यामागे जवळपास निम्म्याने. म्हणून नऊ महिन्यांआधी कट आणि धक्क्याचा खेळ देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, खेळाडू सगळ्या चाचण्या पास झाला तरी.

एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, नियम इथे तुमच्या बाजूने वापरता येतात. कॅम्पच्या सुरुवातीला तो तयार नसेल तर त्याला पीयूपी यादीत, म्हणजे शारीरिकदृष्ट्या खेळायला असमर्थ असलेल्यांच्या यादीत, ठेवतात. ५३ खेळाडूंचा संघ ठरतानाही तो तिथेच राहिला तर पहिले चार सामने जातात. जखमी राखीव यादीतही किमान चार सामने जातात. परतताना सराव सुरू केला की २१ दिवसांची खिडकी उघडते, आणि तेवढ्यात त्याला संघात घेतलं नाही तर त्याचा तो हंगाम संपतो. त्यामुळे ‘बघू या जमतंय का’ म्हणून ती खिडकी उघडू नका. बचावपटूसमोरचे कट आधी संघाच्या सरावापासून वेगळे करून झाले पाहिजेत. सरावाच्या अहवालात ‘मर्यादित’ लिहिलं म्हणून वाईट वाटून घेऊ नये, हेही त्याला सांगा. आणि करारानुसार दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क त्याला आहे. त्याने तो वापरला तर मनाला लावून घेऊ नका, उलट सगळी मोजमापं त्याच्या हाती द्या.

मनाची तयारीही मोजता येते. त्यासाठी बारा प्रश्नांची प्रश्नावली आहे, ती दर महिन्याला भरून घ्या. त्याहून मला उपयोगी वाटतं ते असं: ज्या रूटवर गुडघा गेला तोच रूट, तशाच मैदानावर, तसेच बूट घालून, सामन्याआधी पुन्हा पुन्हा करून घेणं. काही जण तो रूट टाळतात आणि टाळतोय हे बोलत नाहीत. तुमच्या वहीत मात्र ते दिसतं.

पहिल्या सामन्याआधी किती स्नॅप (डाव) आणि कोणते रूट हे कोचबरोबर ठरवून टाका, सामना रंगात आल्यावर नाही. किक परतवण्याचं काम त्याला नको. आणि पहिल्या हंगामात जुनी धार दिसली नाही तर धीर धरायला सांगा. रिसीव्हर कूपर कपचा एसीएल नोव्हेंबर २०१८मध्ये गेला, २०१९मध्ये तो ९४ झेलांसह परतला, आणि २०२१मध्ये त्याने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन करून तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला.

सामने सुरू झाले की जड वजनं आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, दोन्ही पायांची, कारण या काळात चांगला गुडघाही धोक्यात असतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तो कॉफी घ्यायच्या आधी, टेबलावर घ्या: टाचा, लाट, एका पायावर बसणं. लाट आली असेल तर बुधवारचे कर्ल आणि कमबॅक काढून टाका, आणि कोचला तो सरावाचा कागद छापायच्या आत कळवा.