निराधार अनुदान थांबल्यास चौकशीची सुरुवात कोठून करावी

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरील वृद्धांसाठीची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांचे दरमहा १५०० रुपये पूर्वी तहसील कार्यालयाच्या याद्यांनुसार बँकेत जात असत. आता ते थेट लाभ हस्तांतरणाने आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. त्यामुळे पगार बंद झाला, असे म्हणत तहसीलची वाट धरण्यापूर्वी तो दुसऱ्याच खात्यात पडत नाही ना, हे पाहावे. अर्जात लिहिलेला खाते क्रमांक येथे उपयोगी पडत नाही. आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या बँकेत रक्कम जाते, आणि मधल्या काळात बचतगटासाठी, कर्जासाठी किंवा अन्य योजनेसाठी नवे खाते उघडताना संमतीच्या कागदावर अंगठा दिला असेल, तर ही जोडणी लाभार्थ्याच्या नकळत बदललेली असू शकते. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची सद्यस्थिती दिसते; मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला नसल्यास ही माहिती बँकेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात विचारावी.

जोडणी बरोबर असूनही रक्कम येत नसेल, तर तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत जाऊन आधार प्रमाणीकरण झाले आहे का, हयातीचा दाखला नोंदला आहे का आणि आधारवरील नाव व जन्मतारीख योजनेच्या नोंदीशी जुळते का, या तिन्ही गोष्टी विचाराव्यात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांनी याबाबत विशेष दक्ष राहावे. दसऱ्यानंतर कर्ती माणसे कारखान्यांकडे निघून जातात, वृद्ध आईवडील गावी राहतात आणि कागदाची मुदत त्याच काळात आली, तर त्यांना तालुक्याला नेणारे कोणी उरत नाही. म्हणून ही कामे निघण्यापूर्वीच उरकावीत. आयुष्यभर कोयता-खुरपे धरलेल्या हातांचे ठसे यंत्र अनेकदा ओळखत नाही. अशा वेळी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची मागणी करावी आणि ठसा जुळत नाही एवढ्यावर परत फिरू नये.

नव्याने अर्ज करणाऱ्यांची खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची असते. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसल्यास कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. रोजगार हमीवर २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने शंभर दिवस काम केले, तरी ३१,२०० रुपये होतात, म्हणजे सरकारच्याच कामावर राबणारे कुटुंब सरकारच्याच व्याख्येने निराधार ठरत नाही. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत तेवढ्याच १५०० रुपयांसाठी मर्यादा अडीच लाखांची आहे. रकमा वाढवण्यावर सभागृहात आणि सभांत बरेच बोलले जाते, दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये २५०० रुपये झालेही; परंतु या मर्यादेकडे लक्ष द्यायला फारसे कोणी तयार दिसत नाही, आणि माझ्या मते खरा अन्याय तेथेच आहे.

विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीने निराधार अनुदान आणि लाडकी बहीण यांपैकी कोणती योजना घ्यावी, हे आधीच ठरवावे. दुसऱ्या शासकीय योजनेतून १५०० रुपये किंवा अधिक मिळत असतील, तर लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही. ती योजना वयाच्या ६५ व्या वर्षी संपते, तर निराधार अनुदान घेणाऱ्या स्त्रीला त्यानंतर श्रावणबाळ योजनेचा मार्ग उरतो. पात्रता बसत असेल, तर निराधार अनुदानच धरून ठेवणे अधिक हिताचे.

तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. अर्ज दोन प्रतींत द्यावा, एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा आणि कार्यवाही न झाल्यास माहिती अधिकारात अनुदान कोणत्या महिन्यापासून, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या आदेशाने थांबले, एवढेच विचारावे. त्यासाठी दहा रुपयांचे शुल्क पुरते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ते उत्तर जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात तक्रार मांडावी. मात्र तेथे आधी तालुक्याच्या पातळीवर अर्ज केल्याचा पुरावा मागतात, म्हणून शिक्क्याची ती प्रत सांभाळून ठेवावी.