देवनागरी नावाला चमकी चढवताना: गिम्पमधील सविस्तर कृती

मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवण, कोणत्याही बंदरात पावसाळी बंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची डागडुजी झाली की शेवटी नाळेवरचे नाव नव्याने रंगवले जाते, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्याच नावाचे चमचमते चित्र मोबाइलवरून गावभर फिरू लागते. पाठोपाठ गणपती येतात आणि मग वाडीतल्या भजनी मंडळाचे नाव, चाकरमान्यांच्या स्वागताचा संदेश, घराण्याच्या गणपतीचे नाव अशी चित्रे हवी असतात. तयार ॲपमधून ती चुटकीसरशी मिळतात, परंतु त्यांपैकी बहुतेकांत चमक आधी डोळ्यांत भरते आणि नाव मागाहून शोधावे लागते. येथे दिलेली कृती आधी अक्षर भक्कम उभे करते आणि मग चमक नेमक्या त्याच जागी ठेवते, जेथे तिच्यामुळे अक्षर अधिक स्पष्ट होते. उदाहरणासाठी ‘शांतादुर्गा’ हे नाव घेतले आहे, कारण त्यात अनुस्वार, उकार आणि रफार हे तिन्ही असल्यामुळे देवनागरीत चमक कोठे अडचण करते ते एकाच नावात तपासून पाहता येते.

कृती गिम्प या चित्रे तयार करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमधील आहे. १९९५ मध्ये स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी त्याचे काम सुरू केले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे त्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल. मात्र जुन्या आवृत्तीत मात्रा सुट्या पडत असतील तर ‘प्रेफरन्सेस’मधील ‘टाइप’ विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांना आधार देणारे टेक्स्ट इंजिन निवडावे.

फॉन्टची निवड घाईने करू नये. डीटीपी केंद्रांत अजून वापरले जाणारे जुने फॉन्ट पुष्कळदा युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीचे, नसतात. त्यांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट युनिकोड आहेत, खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात आणि त्यांत जाड वजनेही आहेत. जाडी येथे फार महत्त्वाची आहे. चमकीचे कण दिसायला जागा लागते, आणि बारीक रेघेच्या अक्षरात कण व कडा एकमेकांत मिसळून अक्षर कुरतडल्यासारखे दिसते. नक्षीदार टोके असलेले फॉन्ट स्वतंत्रपणे कितीही देखणे असले तरी चमकीसाठी मी ते टाळण्याचाच सल्ला देईन, कारण नक्षी आणि चमक या दोघी एकाच जागेवर हक्क सांगतात.

आता ‘फाइल’ मेनूतून ‘न्यू’ निवडून ९०० पिक्सेल रुंद आणि ४५० पिक्सेल उंच असे नवे चित्र उघडावे, आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘फिल विथ’पुढे ‘ट्रान्स्परन्सी’ निवडावी. टेक्स्ट टूलने नाव लिहून अक्षराचा आकार असा ठेवावा की डावी-उजवीकडे निदान ६० पिक्सेल मोकळे राहतील. याच टूलच्या पर्यायांत ‘लँग्वेज’ नावाची एक जागा आहे, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तेथे मराठी निवडली की ज्या फॉन्टमध्ये सोय केलेली असते त्यात ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे उमटतात, एरवी हिंदी वळणाचे येऊ शकतात. होडीच्या किंवा देवीच्या नावाचे पहिलेच अक्षर ‘श’ असताना हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. रफार ‘गा’च्या कान्यावर नीट बसला आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. त्यानंतर लगेच ‘फाइल’ मेनूतून चित्र एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या स्वरूपात जतन करावे आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर पुन्हा जतन करत राहावे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो.

अक्षराला गडद कड द्यायची असते, कारण चमकीचा काही भाग उजळ आणि काही भाग मळकट असतो आणि कडेशिवाय अक्षराची सीमा हरवते. लेयरच्या, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांच्या, यादीत टेक्स्ट लेयरवर उजवी कळ दाबून ‘अल्फा टू सिलेक्शन’ निवडावे (म्हणजे फक्त अक्षरांचा आकार निवडला जातो), नंतर ‘सिलेक्ट’ मेनूतील ‘ग्रो’ने सिलेक्शन ५ ते ६ पिक्सेलने वाढवावे, अक्षरांखाली नवा पारदर्शक लेयर घेऊन त्यात गडद तपकिरी किंवा गडद निळा रंग भरावा. येथे थांबून ‘शां’वरच्या अनुस्वाराकडे पाहावे. कड वाढल्यामुळे अनुस्वाराचा ठिपका आणि शिरोरेघ यांमधली फट बुजली असेल तर कड एकदोन पिक्सेलने कमी करावी. ‘द’ आणि त्याच्या उकारामधल्या जागेलाही हीच कसोटी लावावी.

सोनेरी रंगासाठी पुन्हा मूळ अक्षरांचे सिलेक्शन घेऊन कडेच्या वर नवा लेयर घ्यावा आणि ग्रेडियंट टूलने वरून खाली रंग ओढावा. वरचा उजळ रंग लाल २४५, हिरवा २१५, निळा ११० आणि खालचा गडद रंग लाल १६०, हिरवा १०५, निळा २० असा घेतल्यास धातूचा भास चांगला होतो.

खरी चमक आता सुरू होते, आणि ती कशी असावी हे ठरवायला आपल्या किनाऱ्याइतकी चांगली जागा नाही. दुपार कलल्यावर पश्चिमेकडे समुद्र पाहिला तर पाण्यावर असंख्य ठिणग्या दिसतात. लाटेचा एखादा बारीक उतार क्षणभर सूर्य आणि आपला डोळा यांच्या मधोमध योग्य कोनात येतो तेव्हाच तो चमकतो आणि लगेच विझतो, तोवर दुसऱ्या ठिकाणी दुसरा उतार चमकलेला असतो. १९५४ मध्ये चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनी याच चमचमाटाच्या छायाचित्रांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजला होता. आपल्याला त्यातून घ्यायची गोष्ट इतकीच की प्रत्येक कण स्वतंत्रपणे उजळतो आणि विझतो. संपूर्ण नाव एकदम उजळून एकदम मंद होते तेव्हा ते दिव्यासारखे उघडझाप करते, चमचमत नाही.

म्हणून कणांसाठी ३०० बाय १५० पिक्सेलचे एक वेगळे छोटे चित्र उघडावे आणि त्यात मध्यम राखाडी रंगाचे, म्हणजे तिन्ही रंगांचे मूल्य १२८ असलेले, तीन लेयर घ्यावेत. प्रत्येकावर ‘फिल्टर्स’ मेनूतील ‘नॉइज’ गटातला ‘एचएसव्ही नॉइज’ वापरावा; त्यात ‘ह्यू’ आणि ‘सॅच्युरेशन’ शून्यावर ठेवून केवळ ‘व्हॅल्यू’ बरीच वाढवावी आणि दर लेयरला ‘रँडम सीड’ वेगळे द्यावे. सीड बदलले की कणांची मांडणी बदलते, आणि पुढे हे तीन लेयर एकामागून एक दाखवले की कण आपापले चमकताना दिसतात. नंतर ‘इमेज’ मेनूतील ‘स्केल इमेज’ने हे चित्र ९०० बाय ४५० करावे आणि ‘इंटरपोलेशन’ ‘नन’ ठेवावे. असे केल्याने प्रत्येक कण ३ पिक्सेलचा, स्वच्छ कडांचा होतो. एक पिक्सेलचे कण मोबाइलच्या पडद्यावर धुरकट दिसतात, शिवाय त्यांनी फाइलही फार मोठी होते, कारण शेवटी आपण ज्या स्वरूपात हे चित्र काढणार आहोत त्या जीआयएफ या हलत्या चित्राच्या फाइलची दाबून बसवण्याची पद्धत सलग सारख्या रंगांवर चालते आणि बारीक कणांत सलग असे काहीच नसते.

हे तिन्ही लेयर एकेक करून कॉपी करून मुख्य चित्रात ‘एडिट’ मेनूतील ‘पेस्ट ॲज’ने नव्या लेयरमध्ये आणावेत, त्यांचा ‘मोड’ ‘ओव्हरले’ किंवा अधिक ठसठशीत हवे असल्यास ‘हार्ड लाइट’ करावा, आणि अक्षरांचे सिलेक्शन घेऊन प्रत्येकाला ‘ॲड लेयर मास्क’मधून ‘सिलेक्शन’चा मास्क लावावा. चमकी आता केवळ अक्षरांच्या आत राहील. मूळ टेक्स्ट लेयर खोडू नये. त्याच्या डोळ्याचे चिन्ह बंद करून ठेवावे, म्हणजे सिलेक्शन पुन्हा घेता येते.

यावर चार टोकांचे मोठे तारे हवेत, पण मोजकेच. ब्रशच्या यादीतून नवा ब्रश तयार करून त्याला ‘डायमंड’ आकार आणि ४ ‘स्पाइक्स’ द्यावेत, आणि टोके सुईसारखी होईपर्यंत ‘आस्पेक्ट रेशो’ वाढवत न्यावा. तारे कोठे ठेवायचे हा या साऱ्या कामातला सर्वांत जबाबदारीचा निर्णय आहे. देवनागरीत शिरोरेघेच्या वरची जागा रिकामी दिसली तरी ती मोकळी नसते. तेथे पडलेला प्रत्येक ठिपका अर्थ घेऊन येतो. ‘ता’च्या डोक्यावर लहानसा पांढरा तारा ठेवला तर दुरून ‘तां’ वाचले जाते, आणि ‘शां’च्या अनुस्वारावरच तारा बसवला तर अनुस्वार नाहीसा होऊन देवीचे नाव चुकते. रफाराच्या बाबतीतही तसेच. तारे शिरोरेघेवरच ठेवावेत: एक तिच्या डाव्या टोकाला, एक ‘ता’चा काना तिला मिळतो त्या कोपऱ्यावर, आणि हवा असल्यास एक ‘द’च्या पोटाच्या बाहेरच्या वळणावर. उजेड डावीकडून वरून येतो असे धरले तर हीच ठिकाणे स्वाभाविकपणे चमकतील. गिम्पमध्ये ‘लाइट अँड शॅडो’ गटात ‘स्पार्कल’ नावाचा तयार फिल्टरही आहे. तो उजळ भाग शोधून आपोआप तारे टाकतो, परंतु अनुस्वार म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते, म्हणून मजकुरासाठी तो वापरू नये.

ताऱ्यांचेही तीन लेयर करावेत. एकाच जागेवरचा तारा पहिल्यात लहान, दुसऱ्यात मोठा आणि तिसऱ्यात नसलेला असा ठेवावा, आणि दुसऱ्या जागेवरच्या ताऱ्याचा क्रम एक पायरी पुढे सरकवावा.

पार्श्वभूमीच्या रंगासाठी सावंतवाडीचा गंजिफा डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. दशावतारी गंजिफाच्या १२० गोल पत्त्यांत प्रत्येक अवताराचे १२ पत्ते असतात आणि प्रत्येक गटाला स्वतःचा ठाम, एकसंध भूमिरंग असतो; त्यावर रंगवलेली बारीक आकृतीही चटकन ओळखू येते. सोनेरी नावामागे असाच एक गडद लाल, हिरवा किंवा निळा रंग सपाट भरावा. समुद्राचे किंवा किल्ल्याचे छायाचित्र मागे ठेवण्याचा मोह होतो, पण त्यात आधीच शेकडो उजळ ठिपके असतात आणि आपली चमकी त्यांत विरून जाते. दुसरे कारण तांत्रिक आहे. १९८७ मध्ये आलेल्या जीआयएफ स्वरूपात एका चौकटीला, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या चित्रांपैकी प्रत्येकाला, जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात, आणि सोनेरी छटांनाच त्यांतले पुष्कळ लागतात.

चौकटी तयार करताना आधी पार्श्वभूमी, कड, सोनेरी रंग, पहिली चमकी आणि पहिले तारे एवढेच दिसू द्यावे आणि ‘लेयर’ मेनूतून ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ निवडावे. तयार झालेल्या लेयरचा डोळा बंद करून दुसरी आणि तिसरी चौकट तशीच घ्यावी. मग ‘इमेज’ मेनूतील ‘डुप्लिकेट’ने प्रत काढून तिच्यातून तीन चौकटींखेरीज बाकी सारे लेयर काढून टाकावेत, सर्वांत खालचा लेयर पहिली चौकट होतो. ‘फिल्टर्स’मधील ‘ॲनिमेशन’ गटातल्या ‘प्लेबॅक’ने चाल पाहून घ्यावी. ‘इमेज’ मेनूतील ‘मोड’मधून ‘इंडेक्स्ड’ (मर्यादित रंगांचे) करताना ‘डिदरिंग’ (ठिपके मिसळून मधली छटा भासवणे) ‘नन’ ठेवावे, कारण रंगांच्या पट्ट्या चमकीच्या कणांत आपोआप झाकल्या जातात. शेवटी जीआयएफ म्हणून ‘एक्स्पोर्ट’ करताना ‘ॲज ॲनिमेशन’ आणि ‘लूप फॉरएव्हर’ निवडून चौकटींमधला वेळ १५० ते २०० मिलिसेकंद ठेवावा. याहून वेग वाढवला तर वयस्कर माणसांच्या डोळ्यांना त्रास होतो.

पार्श्वभूमी पारदर्शक ठेवायची असेल तर एक अडचण लक्षात घ्यावी: जीआयएफमध्ये पिक्सेल पूर्ण पारदर्शक तरी असतो किंवा पूर्ण अपारदर्शक, त्यामुळे गुळगुळीत कडा करवतीसारख्या दिसू लागतात. इंडेक्स्ड करण्यापूर्वी मागे येणारा रंग पार्श्वरंग म्हणून निवडून ‘लेयर’ मेनूतील ‘ट्रान्स्परन्सी’ गटातले ‘सेमी-फ्लॅटन’ प्रत्येक चौकटीवर चालवले की दातरे कमी होतात. व्हॉट्सॲपवर मात्र जीआयएफ व्हिडिओत रूपांतरित होऊन जाते आणि पारदर्शकता राहत नाही, म्हणून तेथे पाठवण्याच्या चित्राला रंगीत पार्श्वभूमी द्यावी. ॲनिमेटेड स्टिकर करायचे असल्यास चित्र ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे, वेबपी स्वरूपातले आणि ५०० केबीच्या आत असावे लागते. लांब नाव अशा चौकोनात एका ओळीत बारीक होते. ‘शांता’ वर आणि ‘दुर्गा’ खाली असे तोडल्यास अक्षर मोठे राहते, पण मग खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीला टेकणार नाही इतके अंतर सोडावे. छापायच्या पत्रिकेसाठी हेच चित्र ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशेबाने सुरुवातीपासूनच मोठे घ्यावे आणि सर्वांत चांगली दिसणारी एक चौकट पीएनजी म्हणून काढून द्यावी.