खारवट रानात पावसाआधी गवताची तयारी

बडोद्यात राहून पादरा, जंबुसरकडची जमीन कसणाऱ्यांच्या रानावर या दिवसांत पांढरी खपली दिसते. अशा तुकड्यात पुन्हा कापसाचा जुगार खेळू नका, गवत लावा.

मृगाचा पाऊस पडायच्या आत मातीचे नमुने घ्या. वरची खपली नमुन्यात मिसळू नका, वेगळी ठेवा. विद्युतवाहकता, म्हणजे माती किती खारट ते दाखवणारं माप, ४ डेसीसायमन्स प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. जिप्सम चोपण जमिनीलाच घाला. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम हुसकावतं. नुसत्या क्षारयुक्त रानात तो खर्च वाया जातो.

खाडीकाठच्या एलुरोपस गवताच्या पानावर बारीक ग्रंथी असतात. मुळांनी ओढलेलं सोडियम, क्लोराईड त्या बाहेर टाकतात. कोरड्या दुपारी पान जिभेला लावलं तर खारट लागतं. आत उरलेलं मीठ पेशीतल्या रिक्तिकेत (पाणी साठवणाऱ्या पिशवीत) कोंडलं जातं, आणि पेशीतलं पाणी टिकावं म्हणून गवत प्रोलीन, ग्लायसीन बीटेन ही द्रव्यं तयार करतं. दोन्हींत नायट्रोजन असतो. म्हणून ‘खारवट गवताला खत कशाला’ हे मला पटत नाही. ठोंबं जीव धरली की युरिया थोडा थोडा, मातीआड करून द्या.

खाऱ्या काळ्या जमिनीत वाहकता ८–१० पर्यंत असेल, तर ५० सेंमी उंचीचे वरंबे १ मीटर अंतरावर काढा. वरंब्यावर मारवेल लावा (आपले गुजराती शेजारी याला जिंजवो म्हणतात), सरीत कर्नाल गवत. त्याला साचलेलं पाणी सोसतं. त्याहून खारट, भरतीच्या बाजूच्या तुकड्यात एलुरोपस.

गवत सगळं मीठ शोषून घेईल, असं कुणी सांगितलं तर हिशेब मांडा. हेक्टरी वरच्या ३० सेंमी थरात सुमारे ४,००० टन माती असते. तीत ०.३ टक्के मीठ धरलं तर १२ टन झालं. ५ टन वाळलेल्या गवतात ५ टक्के मीठ असलं, तरी बाहेर जातं जेमतेम पाव टन. मीठ खाली नेतो तो पाऊस. गवत जमीन झाकून उन्हाळ्यात ते वर चढू देत नाही आणि मुळांनी पाण्याला वाट करतं. तेव्हा बांध घालून पाऊस रानात जिरवा, पण साचलेलं पाणी काढायला चर मोकळा ठेवा.

कापणी शक्यतो सरीनंतर करा, पानावरचं मीठ धुतलेलं असतं. एलुरोपस एकटं कधी घालू नका. कडब्यात मिसळा, आणि गुरांसमोर गोडं पाणी कायम असू द्या.