संध्याकाळचा चहा आणि सकाळची चिडचिड

उठल्या उठल्या घरच्यांवर खेकसायला होतंय, 11 वाजताच काहीतरी गोड खावंसं वाटतंय? आधी आदल्या संध्याकाळचा चहा आठवून बघा. दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्यामुळे झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन नेमकी त्याचीच जागा अडवतं, आणि साधारण 5 तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. म्हणजे 6 वाजता घेतलेल्या कपाचा अंमल रात्री 11 लाही पुरता उतरलेला नसतो. ‘मला चहा पिऊनही छान झोप लागते’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. लागतही असेल, पण गाढ झोप कमी होते आणि ते झोपणाऱ्याला बरेचदा कळतच नाही; कळते ती सकाळची चिडचिड.

शेवटचा चहा दुपारी 3 च्या सुमारास घ्या. संध्याकाळची तलफ बहुतेकदा गरम कपाची आणि गप्पांचीच असते. गवती चहा, आलं, थोडा गूळ उकळा, चहा पावडर न टाकता. संध्याकाळचा चहा एकदम बंद करू नका, डोकं धरतं. वेळ रोज थोडी अलीकडे आणा. ग्रीन टीवाल्यांनी मात्र खूश होऊ नये, त्यातही कॅफीन असतंच.